तारेतल्या चिठ्ठ्या

केईएमच्या डॉक्टरांनी हात नंतर पाहिला.
आधी विचारलं, "वास कधीपासून येत नाही?"
आई माझ्याकडे बघायला लागली,
जणू मीच चहाडी केली होती.

लालबागला डंकावर तेवीस वर्षं.
पोतं न सोडता सांगायची, दगडफूल जुनं आहे.
मग एका मे महिन्यात चार किलो धणे जळाले
आणि ही तिथेच उभी, झारा फिरवत.
मालक म्हणाला, वय झालं वायंगणकरबाई.
आम्हीही तेच म्हणालो.
वय एक्कावन्न.

घरी येऊन तिच्या चिठ्ठ्यांची तार काढली.
तळाशी टपोरं: बेडगी अडीच किलो, लवंगी पाव.
मध्ये कुठेतरी हळकुंड,
ह मोठा, ड अगदी एवढासा.
वरच्या वर्षात नुसत्या मुंग्या.
हात थरथरला तो गेल्या दिवाळीत, करंजी मुरडताना.
आम्ही तिथून मोजत होतो.

मेंदूत खोल एक काळसर पट्टी असते म्हणे,
पार्किन्सन्समध्ये तिचा रंग उडत जातो.
"मिरचीचा उडतो तसा? उन्हानं?"
"तसाच. पण कशानं, ते नक्की सांगता येत नाही."
हे उत्तर तिला पटलं. मला अजून नाही.

आता संध्याकाळी दुरेघी वही.
बेडगी. बेडगी. तिसरी बारीक व्हायला लागली
की स्वतःच खोडते, समासापासून पुन्हा.
मी आत फोडणी टाकते.
मान न वळवता विचारते,
"जळत नाही ना गं?"