हरेश्वर भोपी बसलेला आहे

नवा कॅनव्हास आणू नकोस, म्हणाला,
पैसे काय खाडीत वाहत आलेत?
आणि माळ्यावरून काढलं त्यानं स्वतःचंच एक जुनं,
कोळिष्टकांसकट.
करावे गावामागची मिठागरं, ऐंशी सालची,
चौकोनाला चौकोन लागलेला, पाण्यात आभाळ उलटं,
आणि मधोमध एक बाई, डोक्यावर टोपली,
चेहऱ्याच्या जागी नुसता एक फटकारा.
ह्याच्यावर काढ मला.
बिघडलेलंच आहे ते.

मला नव्हतं वाटलं बिघडलेलं.
पण हरेश्वरशी वाद घालणं म्हणजे
ओहोटीच्या चिखलात होडी ढकलणं.

रिक्षांच्या गॅरेजवरची ती खोली.
खाली कुणीतरी सायलेन्सर ठोकत असायचं
आणि वेल्डिंगचा उजेड खिडकीतून येऊन
त्याच्या डाव्या गालावर फुटायचा.
तेवढा निळा घे, म्हणायचा,
फुकटचा आहे.

पाट्या रंगवून घर चालवलं त्यानं,
नेरूळपासून पार बेलापूरपर्यंत.
'येथे अंडी मिळतील', 'उधार बंद', 'गिरणी आज चालू'.
त्याचा अनुस्वार जरा डावीकडे कललेला,
त्यावरून लोक हात ओळखायचे.
मग फ्लेक्स आले,
आणि गावभरचे अनुस्वार
एका वर्षात सरळ झाले.

मी शाळेतली चित्रकलेची बाई.
माझी दोन प्रदर्शनं झालेली, एकाचं पेपरात आलेलं.
त्याचं एकही नाही.
ह्यावर आम्ही कधी बोललो नाही.
पण तो स्टुलावर बसला आणि मी उभी राहिले
की ते खोलीत असायचं,
टर्पेंटाइनच्या वासासारखं,
खिडकी उघडली तरी.

सात रविवार लागले.
नाक दुसऱ्याच रविवारी बसलं. कान त्यानं दुरुस्त करून घेतला,
इतका मोठा नाही गं, आमच्यात सगळ्यांचे आहेत पण इतका नाही.
डोळे मात्र सापडेनात.
तो माझ्याकडे बघतच नव्हता,
ब्रशकडे बघत होता.
शेवटी तसेच काढले.
अजूनही चित्रातून तो
समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही,
हाताकडे बघतो.

सदऱ्याशी आले तेव्हा
खालची ती टोपलीवाली बरोबर त्याच्या छातीवर उरली होती.
बाकी सगळी मिठागरं मी बुजवली होती तोवर,
हिच्यापाशी ब्रश अडला.
ही कोण रे?
आई, म्हणाला,
आणि खाली वाकून दोन चहा सांगितले.
मग जरा वेळानं,
झाक तिला.
उन्हात किती वेळ उभी ठेवशील?

झाकली.
पांढरा सदरा, पातळ हातानं, तीनदा.

तो गेला त्याला नऊ वर्षं झाली.
चित्र तिथंच आहे, त्याच खोलीत, त्याच खिळ्याला.
परवा नातू बोलवायला आला, कल्पक त्याचं नाव,
कॉम्प्युटरवर लग्नाचे बॅनर करतो.
बाई, आजोबांच्या सदऱ्यावर डाग येतोय.
जत्रेला पाहुणे येतील, जरा पांढरा मारून द्या.

गेले. चष्मा पुसून पाहिलं.
तैलरंग म्हातारा झाला की आरपार दिसायला लागतो,
हे मला त्यानंच सांगितलेलं, कॉलेजात,
मी तेव्हा वहीत लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं.
खिशाच्या थोडं खाली
टोपलीचा काठ,
एक कोपर,
आणि ओळखलंच तर पाणी.

दिसतंय ना, कल्पक म्हणाला.
दिसतंय.

पांढऱ्या ट्यूबचं झाकण काही केल्या निघेना,
किती वर्षं उघडली नव्हती कोण जाणे.
पक्कड आणतो, म्हणाला पोरगा,
आणि धडधडत जिना उतरून गॅरेजात गेला.

मी उभी, हातात कोरडा ब्रश.
हरेश्वर हाताकडे बघतोय.