पट एकोणीस

माझ्याकडं अकरा शाळा आहेत.
कागदावर अकरा. दुचाकीवरनं मोजल्या तर
चौसष्ट किलोमीटर, एखादं पंक्चर,
आणि उमदी मागं पडली की कुठंही न मिळणारा चहा.

सांगली इथनं लांब, विजापूर जवळ.
फायली सांगलीला जातात,
पोरांचे मामा विजापूरकडं असतात.

सकाळी दहाला तीन कमी असताना मेसेज पडतो :
'अतितातडीचे. आज बारापर्यंत.'
मग अकरा मुख्याध्यापक अकरा टेकाडांवर चढतात,
फोन धरलेले हात वर करून रेंज शोधतात.
लांबनं बघणाऱ्याला वाटावं,
कवायत चाललीय.

विचारलेलं असतं : तोट्या किती, पैकी चालू किती.
बिरादार गुरुजी लिहितात, तोट्या चार, चालू चार.
खोटं नाही. फिरवल्या की फिरतात.
पाण्याचं पुढच्या तक्त्यात विचारतील.

लोणीवस्तीची शाळा दोन खोल्यांची.
मीटर काढून नेलं त्याला दुसरं वर्ष.
सादिल आलं की बिल भरायचं ठरलेलं;
सादिल आलं, त्यात खडू आणि एक कुलूप बसलं.
टॅब चार्ज होतात इराप्पाच्या किराणा दुकानात.
इराप्पा शाळा समितीचा अध्यक्ष,
इतिवृत्तावर वजनकाट्याशेजारी सही करतो
आणि पेन खिशात घालतो. माझं.

इथला पट एकोणीस.
वीस असता तर मी इतक्यांदा आलो नसतो.
विसाच्या खालची शाळा म्हणजे
बैठकीत ती ओळ आली की
सगळ्यांनी एकदम आपापल्या वहीत बघायचं.

मंगळवारी वाचन चाचणी घेतली.
तिसरीतली निंगव्वा पुढं आली, फ्रॉकला हात पुसून.
उतारा समुद्राचा.
'स... मु...' म्हणाली आणि थांबली,
जोडाक्षराच्या उंबऱ्याबाहेर,
चप्पल काढावी की नको अशी.
मी घड्याळ बघितलं. बारा सेकंद.
भरलं : अक्षर स्तर.

खिचडीच्या वेळी चुलीकडं गेलो, तिखट बघायला.
मिरच्या कानडी पेपरात बांधून आलेल्या.
तो कागद मांडीवर सरळ करून
निंगव्वा रत्नव्वाला वाचून दाखवत होती,
ओढ्यात अडकलेल्या एसटीची बातमी असावी,
कारण रत्नव्वा पळी थांबवून म्हणाली, 'मुंद ओदु'.
आणि पोरगी पुढं वाचत गेली,
उतारावरनं सायकल सोडल्यासारखी.
कोण शिकवलं?
'मामा. दिवाळीत.'

मला कानडी बोलता येतं, बाजारापुरतं.
त्या कागदावर मला नुसती गोल गोल भांडी दिसली.
माझा स्तर कुठला, हे तेलसंग मॅडमनी विचारलं नाही.
मीठ कमी आहे म्हणालो आणि ताट घेतलं.

अहवालात केंद्र एकसष्ट टक्के, तालुक्यात नववं.
आठवं कसं होईल, यावर साहेब पाऊण तास बोलले.

जूनमध्ये निंगव्वाची आई आली.
दाखला पाहिजे. मामाकडं ठेवायचीय,
हद्दीपलीकडं, कानडी शाळेत.
मॅडमनी दाखला लिहायला घेतला.
'अभ्यासातील प्रगती' या रकान्याशी
'साधारण'चा सा उमटायच्या आत
मी म्हणालो, थांबा. खाडाखोड चालत नाही.
त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग 'उत्तम' लिहिलं,
काना-वेलांटी नसलेला शब्द,
तरी वेळ लावून.

दुसऱ्या राज्यात जायचं तर वरची सही लागते.
म्हणून दाखला माझ्या डिकीत,
पाण्याच्या बाटलीखाली, दुमडू नये म्हणून पुठ्ठ्यात.
पट अठरा.

निघताना मॅडमना सहज विचारलं,
समुद्राला कानडीत काय म्हणतात?
त्या गाडीच्या हॅन्डलवरची धूळ झटकत म्हणाल्या,
'समुद्रच म्हणतात, सर.'