तांबडी चांदणी

घणसोली, सिम्प्लेक्स, तिसरा मजला.
बेल बंद, म्हणून कडी वाजवली.
माझ्याकडे लॅपटॉप, संमतीपत्राच्या दोन प्रती,
अकरा प्रश्न
आणि पाचशे रुपयांचं पाकीट.

इंदुमती शेडगे, वय एकोणसाठ,
नवरा माथाडीतून निवृत्त.
आमच्या यादीतल्या सातव्या.
आधीच्या सहा जणांनी गोव्याचं तिकीट
सव्वादोन मिनिटांत काढून दाखवलं होतं
आणि रंग छान आहेत म्हणाले होते.

"परीक्षा तुमची नाही हं, आमच्या साइटची आहे,"
हे वाक्य मला पाठ आहे.
"मग चहा तुम्ही घ्या," त्या म्हणाल्या,
"परीक्षा तुमची."

कुठून?
एका बोटाने, सावकाश: तीन टाकी.
असे ठिकाण आढळले नाही.
त्यांनी खिडकीकडे हात केला,
जणू साइटला दिशा दाखवावी.
"अवो, रोज रात्री गाडी तिथनंच सुटती."
मी वहीत लिहिलं: थांब्याचं नाव, लोकांच्या तोंडचं.
खाली दोन रेघा.

कुठे?
पाटण सापडलं.
पण त्यांना पाटणच्या अलीकडे उतरायचं होतं, मोरीपाशी.
"डायवरला म्हाईत असतंय."
आमच्या ड्रायव्हरला काय माहीत असतं
हा रकाना आम्ही केलेला नाही.

जाण्याची तारीख: आज.
मला वाटलं होतं, त्या नमुन्यादाखल काहीतरी टाकतील.

मग ती चौकट. परतीची तारीख.
शेजारी तांबडी चांदणी.
भरल्याशिवाय पुढचं बटण करडंच राहतं.

बोट कॅलेंडरवर थांबलं.
शनिवार-रविवार आम्ही केशरी ठेवलेत, भाडं जास्त म्हणून.
बोट केशरीवरून खाली आलं, परत वर गेलं.

मदत करू नका, गप्प राहा,
शांतता माणसाला बोलतं करते,
असं आम्हाला शिकवतात.
मी गप्प राहिले.
स्टॉपवॉच चालू होतं.

"भावाला दवाखान्यातनं घरी आणलाय," त्या म्हणाल्या.
"डाक्टरच म्हणले, न्या.
आता ह्यात काय टाकू?
जवळची टाकली तर जीभ झडंल माझी.
लांबची टाकावी, तर
त्यो तेवढं दिवस कण्हणार."

चार मिनिटं अकरा सेकंद.

लॅपटॉप त्यांनी अलगद माझ्याकडे सरकवला,
झोपलेलं मूल परत द्यावं तसा,
आणि फोन लावला.
"नाझिम, आजची खालची शीट ठेव.
व्हय, त्योच. न्हाई, बोलत न्हाई आता.
येताना कळवीन."
बावीस सेकंद.
पलीकडून पैशांचं काही विचारलं गेलं नाही.

महापे. पाचवा मजला. पिवळ्या चिठ्ठ्यांची भिंत.
एसीच्या झोताने सातवीची चिठ्ठी दोनदा पडली.
"सातातला एक," अनिरुद्ध म्हणाला,
"जाऊन-येऊन एकदम, हीच तर आपली खासियत."
त्याच्या पडद्यावर आलेख होता, चढता.
मी रेकॉर्डिंग लावलं.
त्यात नुसतं फॅन फिरल्याचा आवाज, बराच वेळ,
आणि मग ते वाक्य.
अनिरुद्धने पेनचं टोपण काढलं, लावलं.
त्याचं गाव कोणतं, हे मी तीन वर्षांत विचारलं नव्हतं.

चांदणी गेली.
चौकटीखाली बारीक अक्षरांत आलं: येण्याचं नंतर ठरवू.
"ठरवू" की "ठरवा" यावर एक अख्खी दुपार.
तीन टाकीचं मात्र राहिलंच,
पुढच्या तिमाहीत, म्हणाले.

पहिल्या आठवड्यात चारशे बारा जणांनी
ती ओळ दाबली.
किती जण मजेत, किती जण कसे,
ते आकडा सांगत नाही.

पाचशेचं पाकीट अजून माझ्या बॅगेत आहे.
त्या दिवशी त्या पिशवी भरायला उठल्या,
आणि ते द्यायची वेळ मला सापडली नाही.
बारावा प्रश्न मी स्वतःच वाढवलाय.
फोन उघडते. नंबर आहे,
"सहभागी ७" या नावाने.

आधी ते नाव बदलायला हवं.