सहावं भोक

सिडकोतल्या या भिंतीत साधा खिळा शिरत नाही.
पाच वाकले. मग खालच्या कोठावद्यांकडून ड्रिल आणलं.
आई टीव्हीवर चादर टाकून बसली,
भुकटी नाकात गेली तरी हलली नाही.

नाना नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
चौतीस वर्षं, रोज सुटताना गेटवर झडती.
म्हणूनच की काय, प्रत्येक फोटोत
हात अंगापासून जरा लांब धरून उभे.
माझ्या साखरपुड्यात, भाचीच्या बारशात,
सप्तशृंगीच्या पायऱ्यांवरसुद्धा:
बघा, काही नाही माझ्याकडे.

फक्त एकात हसलेत. सोमेश्वरचा धबधबा,
हातात मक्याचं कणीस, डोळे गच्च मिटलेले,
आणि कानाशी वाकून काहीतरी सांगणारा हेमकांत.
शोभनानं त्याला सोडून नऊ वर्षं झाली.

आईनं कात्री काढली होती. ठेवून दिली.
नानांचा हात त्याच्या खांद्यावर आहे,
त्याला कापला तर
नाना मनगटापासून जातात.

रविवारी शोभना आली.
चपला काढता काढताच दिसला तिला.
आई उगाच दुधाचं पातेलं बघायला आत गेली.
"तिरका लागलाय," शोभना म्हणाली,
आणि टाचा उंचावून, एका बोटानं, सरळ केला.

काय सांगितलं असेल त्यानं नानांना?
आता विचारणार कोणाला.
म्हणजे, एकच जण उरलाय.
नंबर आहे माझ्याकडे.
ड्रिल परत द्यायला जिना उतरताना
दोनदा फोन काढला,
दोनदा खिशात ठेवला.