पान एकेचाळीस

मूळ जर्मन वाक्य असं आहे:
म्हातारी दारात उभी राहिली
आणि आपल्या भाषेत
काहीतरी न कळणारं बोलली.

बस्स. पुढच्या ओळीत जहाज सुटतं.

न कळणारं कुणाला?
लेखकमहाशयांना. दोन उन्हाळे आले होते हाम्बुर्गहून,
छातीच्या दुखण्यावर समुद्राची हवा खायला.
पोरगा निघालाय देवमाशांच्या शिकारीला,
त्याला तर लख्ख कळलं असणार.

एकशे छत्तीस वर्षं ही बाई
शाळेच्या पुस्तकांतून, परीक्षेच्या प्रश्नांतून
न कळणारं बोलत उभी आहे.
कुणा प्राध्यापकाने तिच्या तोंडी शाप घातला,
कुणी प्रार्थना, कुणी चक्क समुद्राची गाज.

आता मी ही गोष्ट उतरवतेय
तिच्याच भाषेत,
बेटावरच्या आमच्या फ्रिजियनमध्ये,
जी बोलणारी माणसं सगळी मिळून
फेरीबोटीच्या थोड्याच खेपांत मावतील.
चाळीस पानं सुरळीत गेली.
वारा, बांध, मेंढरं, भरती:
शब्द आपले आपण चालत आले
संध्याकाळी गोठ्याकडे वळणाऱ्या गुरांसारखे.
एकेचाळिसाव्यावर अडले.
आमच्या भाषेत कसं लिहायचं
'आमच्या भाषेत काहीतरी न कळणारं'?

तीन आठवडे चहा गार होत राहिला.

शेवटी गेले ओके ब्रोडर्सनकडे,
वृद्धाश्रमात, खिडकीजवळची खाट,
वय एक्याण्णव, एक कान बंद, दुसरा लहरी.
पान वाचून दाखवलं, दोनदा, ओरडून.
काय म्हणाली असेल, ओके?

त्याने बिस्किट चहात बुडवलं. तुकडा पडला तळाशी.
चमच्याने तो वर येईपर्यंत गप्प.
मग म्हणाला,
"मोजे वरच ठेवलेत. खाली उचकू नकोस."

इतकंच?
"अजून काय म्हणणार बाई?
पेटी भरलेली. बोट खोळंबलेली."

आणि बऱ्याच वेळाने, मी कोट चढवत असताना:
"परत आला का तो?"
नाही. ग्रीनलंडच्या बर्फात गेला. पान सत्तावन्न.
"आणि मोजे?"

मोज्यांबद्दल लेखकाने काही लिहिलेलं नाही.

कीलहून संपादक टोरमेलेनबाईंचा फोन.
हे फारच साधं नाही का वाटत? म्हणाल्या,
वाचक इथे थांबतात हो.
थांबू देत, म्हटलं,
तीही थांबलीच आहे की दारात.

समुद्रावर घालायच्या मोज्यांना
माझी आई वेगळं काहीतरी म्हणायची.
तो शब्द कोशात नाही, मी तोच घातलाय.
त्यातला स्वर ऱ्हस्व की दीर्घ, ते ठरायचंय.
सोमवारी ओकेला विचारेन,
जरी त्याने ही भाषा जन्मभर बोलली
आणि लिहिली एकदाही नाही.