उलटी विहीर

फादरनं भिंती उभ्या केल्या तेव्हा
माझा आजा बाप्तिस्म्याला रडत होता.
मग फादर वारले, पैसे आटले,
आणि एकतीस वर्षं आमच्या देवळावर
नुसतं आभाळ.

मिस्सा चालू असताना घारी फिरायच्या.
पावसाळ्यात प्रार्थना याकोबच्या गोठ्यात,
आमेन म्हणायला म्हशीही.

फादरच्या गावचं एक चित्र मागं उरलं होतं:
लाल घुमट, पालथ्या मडक्यासारखा.
यवतमाळचा इंजिनेर म्हणाला, एवढ्या गाळ्याला
खालून आधार द्यायचा तर सागाचं अख्खं रान लागेल.
चहा प्याला, गेला.

पैकू बेलदार विहिरी बांधायचा.
त्यानं चित्र घेतलं,
उलटं धरलं.
"हे त विहीर हाय ना बाप्पा.
पान्यात उतरवतो तशी आभायात चढवू,
जराशी आवयत आवयत."

कड्यावर कडं,
प्रत्येक कडं स्वतःच स्वतःला धरून.
रिबकाआजी विटा देता देता मोजायची;
नऊ हजारांवर तिनं नाद सोडला.

शेंड्याला मधोमध भोक राहिलं.
विटा सरल्या, असं म्हणतात.
पैकू म्हणायचा, तळाशी झऱ्याले
वाट ठेवा लागते.

अजून दुपारी रिबकाआजी
मान मागं टाकून वर डोकावते,
पाणी किती आहे
बघत असल्यागत.