लागू नाही

फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात
परवाना क्रमांक विचारतात.
मी लिहिते : लागू नाही.
सव्वीस वर्षं लिहिते आहे,
आता अक्षरही वळणदार झालंय.

बेलापूरच्या खिडकीत
मेढेकर बाई चष्म्यावरून बघतात.
"डॉक्टरला असतो, वकिलाला असतो,
आमच्या सोसायटीत वायरिंग करणाऱ्यालाही आहे.
तुम्हाला कसा नाही?"
म्हटलं, बाई, दगडांनी अजून तक्रार केलेली नाही.
त्या हसल्या नाहीत. शिक्का मारला.

एकदा आला होता नियमांचा मसुदा.
उलव्याच्या साइटवर
कोअरच्या पेटीच्या झाकणावर ठेवून वाचला.
भूवैज्ञानिकाने परवाना घ्यावा,
हे दीड पान.
उरलेली एकोणीस पानं सवलतींची :
सरकारी नोकरीत असेल तर नको,
शिकवत असेल तर नको,
नुसतं पाणी शोधत असेल तर नको,
परवानाधारकाच्या हाताखाली असेल
तर नकोच नको.
बोअरवाला बलभीम म्हणाला,
"मग घ्यायचा कोणी, मॅडम?"
आणि पंप सुरू केला.
चिखल उडाला तो नेमका
व्याख्यांच्या पानावर.

मी हाताखालची.
मोजते मी, चाटून बघते मी
(हो, चाटून. माती आणि गाळ
जिभेवर वेगळे लागतात),
सही कारखानीसांची.

पारसिकच्या पायथ्याला, शाळेच्या मागे
डोंगर उभा कापलाय.
साडेसहा मीटरवर लाल थर,
दोन लाव्हांच्या मधला, हातभर,
ओला झाला की साबण.
मी लिहिलं : वरचा कातळ यावरून घसरू शकतो.
अहवालात छापून आलं :
'किंचित झीज आढळली.'
सही, शिक्का, परवाना क्रमांक.
सगळं नियमात.

माझं काय जाणार?
ज्याच्याकडे परवानाच नाही
त्याचा रद्द काय करतील?
ही सूट अंगावर घेऊन
झोपायचा प्रयत्न केला दोन रात्री.
पाय बाहेर राहत होते.

शनिवारी यल्लप्पा धोत्रेंना घेऊन गेले.
तुर्भ्याच्या खाणीत चाळीस वर्षं घण मारलेला माणूस.
त्यांना कुठल्याच पानावर सवलत नाही,
कारण कुठल्याच पानावर ते नाहीत.
माझी हातोडी मागून घेतली,
"लई हलकी हाय," म्हणाले,
तीनदा ठोकलं,
आणि शेजारच्या खोलीत कोणी रडतंय का
ऐकावं
तसा कातळाला कान लावला.

"बद्द बोलतोय.
मागनं सुटलाय."

आत पाढे चालले होते,
तेराचे, तेरा साती पाशी अडलेले.

बाकावर बसून वहीचा कागद फाडला,
मुख्याध्यापिकांना लिहिलं :
मागचे तीन वर्ग आजच पुढे हलवा.
खोली, थर, उतार. खाली माझं नाव.
त्याखाली हात सवयीनं
परवाना क्रमांक लिहू लागला,
'पर' पर्यंत आला, तेवढं खोडलं.
धोत्रेंनी पेन मागितलं.
सही केली सावकाश,
'त्रे' वर जरा थांबून.

शिपायाने कागद उलटसुलट पाहिला.
"लेटरहेड नाय. आवक नंबर काय टाकू?"

टाका कुठलाही,
पण आजचा टाका.